गाठ कुणाच्या मानेवर?

चहा घ्या आधी, मग सांगते. फक्त आमच्या ह्यांच्यासमोर विषय काढू नका. चूक तर सगळ्यांच्याच हातून होते, पण माझी चूक पंधरा दिवस रोज होत होती, आणि मला वाटत होतं मी नवऱ्याचा जीव वाचवून राह्यले.

आमचं गाव मेहकरजवळ. वांगी, मिरची आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, एवढं लावतो. मुलगी लग्न होऊन गेली, घरात आम्ही दोघंच. मोबाइलचं डोकं मात्र मला. बचत गटातल्या बायकांना फोन मीच शिकवला. मी त्यांना ठासून सांगायची, "आताचा फोन पह्यल्यासारखा मुका नाही राह्यला. तो आपल्याले ओळखते. आपल्याले काय पाहिजे, ते न सांगता समोर आणून ठेवते." खोटं नव्हतं ते. मिरचीवरच्या माव्याचं एकदा विचारलं, तर महिनाभर मला फवारणीच दाखवत होता.

एका दुपारी मिरच्या निवडता निवडता सहज फोन उघडला. वरच जाहिरात, 'मानेवर गाठ? दुर्लक्ष करू नका.' मी ती सरकवली. खाली व्हिडिओ, 'न दुखणारी गाठ जास्त धोक्याची.' तोही सरकवला. त्याच्या खाली विमा, 'तुमच्यानंतर कुटुंबाचं काय?'

आता मला सांगा, मी असलं काही आयुष्यात विचारलेलं नव्हतं. मग फोनला कुठून कळलं? आरशासमोर उभी राहून मी माझी मान चाचपली, दोन्ही बाजूंनी. काही नव्हतं. हायसं वाटलं, पण क्षणभरच. माझ्या मानेवर नाही, मग घरात दुसरी मान कोणाची उरली?

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं. पण माझ्या वडिलांनी पोटातलं दुखणं असंच लपवलं होतं. त्यांना अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लवकर का नाही आणलं. ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. त्यामुळे मला विचारायचीच भीती वाटायची. विचारलं आणि हे 'हाव' म्हणाले तर?

संध्याकाळी हे जेवायला बसले, तर गळ्यात गमछा. तीस वर्षं तो गमछा घामासाठी होता. त्या दिवशी मला वाटलं, झाकायसाठी आहे.

"जेवतानी तरी काढा तो गमछा," मी म्हटलं.

"राहू दे ना. तुले काय करते तो?"

मी पंखा वाढवला, तरी गमछा काही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. मी भाकर घेऊन वावरात गेले, तर हे गोठ्याच्या मागे उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलत होते. मी ऐकलं ते असं, "लिंबाएवढी हाये साहेब. कडक लागते हाताले. नाही, घरी नाही सांगतलं. घरचीचा सोभाव तुमाले माहीत हाये." माझ्या हातातली भाकर खाली नाही पडली, एवढंच. तशीच बांधाला टेकून बसले.

त्या दिवसापासून मी बदलले. भांडण बंद. ह्यांनी माझ्या मनाविरुद्ध गाय विकत आणून वावरात बांधली होती, दोन महिने मी त्यावरून बोलत होते, तेही बंद. रोज ह्यांच्या आवडीची पातोडीची भाजी, भाकरीवर तूप. हे जेवत असले की मी समोर बसून बघत राहायची. घास गिळताना त्रास होतो का, आवाज बसला का. मधेच डोळे भरून यायचे, मग चुलीच्या धुराचं नाव. आणि आमच्याकडे तर गॅस आहे.

ह्यांच्या माघारी फोनला मीच विचारू लागले. 'गाठीच्या आजारात काय खायला द्यावं.' 'घरचं माणूस आजार लपवत असेल तर काय करावं.' तो भराभर सांगायचा. मी विचारायची एक गोष्ट, तो दाखवायचा दहा, आणि प्रत्येक आधीपेक्षा भयंकर. शेवटी मी फोन ज्वारीच्या कोठीत टाकायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा हात घालून काढायची.

एकटीला सहन होईना, म्हणून गटातल्या चार बायकांना सांगितलं. शपथ घालून सांगितलं, की ह्यांना कळू द्यायचं नाही. मग काय, त्या एकेक करून घरी यायला लागल्या. कोणी केळी आणली, कोणी नारळ. बोलायचं काही नाही. दारातच माझ्या गळ्यात पडायच्या, रडायच्या, आणि जाता जाता ह्यांच्याकडे बघून मान हलवायच्या. हे ओट्यावर बसून सगळं बघत होते.

आणि मग हे बदलले. एका सकाळी मी पाहते, तर हे नळाशी बसून भांडी घासताहेत. ज्या माणसानं स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, तो कढई घासतोय.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"बस तू. आराम कर," हे म्हणाले. आवाज इतका मऊ, की माझ्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी मेहकरहून जिलेबी आणली. मला दळणाचा डबा उचलू देईनात. त्याच दिवशी फोन उघडला तर पहिलाच व्हिडिओ, 'घरच्या माणसाचा स्वभाव अचानक बदलला? मेंदूचा आजार असू शकतो.' मी बोटांवर जुळवून पाहिलं. जिलेबी, कढई, मऊ आवाज. गाठ मेंदूत पोचली होती.

दोन दिवसांनी हेच म्हणाले, "चाल, खामगावले जाऊ. डॉक्टरले दाखवून येऊ."

मी म्हटलं, "हाव. चला." दोघांनीही पुढे काही विचारलं नाही. एसटीत ह्यांनी मला खिडकीची जागा दिली. मी ह्यांचा हात धरून बसले. लग्नानंतर पहिल्यांदा, चारचौघांत. ह्यांनी तो सोडवला नाही. मला वाटलं, हेही लक्षणच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, आपल्या मुलीच्या वयाची.

"पेशंट कोण?"

"हे," मी म्हटलं.

"ही," ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं.

"काकू, ह्यांना काय होतंय?"

"मानेवर गाठ हाये. लपवून राह्यले ते. आता डोक्यात गेली."

"तुम्ही बघितली गाठ?"

"मी नाही बघितली. फोननं सांगतलं."

"माह्या मानेले काय झालं?" ह्यांनी गमछा काढून टेबलावरच टाकला. "मॅडम, गाठ हिले हाये. मलेही फोनच सांगून राह्यला. गाठीत काय खावं, आजार काऊन लपवते. अन् ही रोज रडते, भांडत नाही, गावच्या बाया येऊन हिच्या गळ्यात पडते. म्या मग फोनले विचारलं, बायको अचानक गोड वागत असन तर कोणता रोग?"

डॉक्टरीणबाईनं दोन्ही फोन मागून घेतले, शेजारी शेजारी ठेवले, आणि दोन्हींवर बोट फिरवून पाहिलं.

"दोन्ही फोनवर एकच खातं आहे. ह्यांच्या फोनवर तुमचं नाव कोणी टाकलं?"

मी. दुसरं कोण? ह्यांचा नवीन फोन आला, तेव्हा वेगळं खातं उघडायचा कंटाळा केला आणि माझंच टाकून दिलं. म्हणजे ह्यांनी विचारलेलं मला दिसत होतं आणि मी विचारलेलं ह्यांना. पंधरा दिवस आम्ही एकमेकांना भीती घालत होतो आणि फोन ती दुप्पट करून वाटत होता.

"पण गाठीचं सगळ्यात आधी कोणी विचारलं?" डॉक्टरीणबाई म्हणाली.

हे फरशीकडे बघायला लागले. "गाईच्या मानेले आली होती. घरी सांगतलं असतं तं हिनं मलेच बोल लावला असता, की आणली कायले. म्हणून आधी फोनले विचारलं, मग गुरांच्या डॉक्टरले फोन केला. त्यानं दुसऱ्याच दिवशी येऊन चिरा देल्ला. फोड होता. बसला."

"अन् फोनले गाय म्हणून सांगता येत नव्हतं का तुमाले?" मी विचारलं.

"म्या म्हटलं, मानेले गाठ आली, खाणं कमी झालं, काय करावं. तूच तं सांगते, फोन न सांगता ओळखते."

मी टेबलावरचा गमछा उचलून ह्यांच्या हातात दिला.

डॉक्टरीणबाईनं आलोच आहात तर म्हणून दोघांनाही तपासलं. ह्यांची मान साफ, छाती साफ, सगळं ठणठणीत. माझ्या दंडाला पट्टा बांधला, एकदा मोजलं, पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, आणि मग ह्यांना म्हणाली, "काका, पेशंट तुम्ही बरोबर आणला. बीपी बरंच वाढलंय."

आठवडाभर मोजलं, तरी उतरेना. गोळी सुरू झाली आणि मीठ बंद झालं. आता घरात मी बिनमिठाचं वरण पिते, आणि हे रोज सकाळी गाईसाठी मिठाचा खडा घेऊन वावरात जातात.