एक गोटा नाई ठेवला

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागत नाही, म्हणून इथे सांगते.

अमडापूरच्या पुढे एका गावात आज कॉलेजच्या मुलींना घेऊन नाला तपासायला गेले होते. नाल्याच्या तळाशी, दगडांखाली बारके किडे राहतात. कोणते किडे सापडतात, त्यावरून पाणी कसं आहे ते कळतं. सरपंच काकूंना मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तुमचा नाला किती स्वच्छ आहे ते बघायला येतोय."

पोचलो तर तळ खरवडून काढलेला. दगड नाहीत, गवत नाही, नुसतं गढूळ पाणी.

काकू हसतच पुढे आल्या. "मॅडम, तुम्ही येऊन राह्यल्या म्हणून कालच जेसीबी लावला. एक गोटा नाई ठेवला."

त्यांनी चहा दिला, तो घेतला.

पुढे सीपी अँड बेरारच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातला दगडी पूल आहे. कमान इतकी बुटकी की जेसीबी आत शिरलाच नव्हता. तिथला पहिलाच दगड उलटला, तर खाली तीन शेपट्यांच्या अळ्या वळवळत होत्या. या अळ्या चांगल्या पाण्यातच टिकतात.

काकूंनी वाकून पाह्यलं. "ह्या तं आमच्या नाल्यात जिकडंतिकडं होत्या. मले वाटलं, घाण आहे."

म्हणजे परवापर्यंत सगळा नाला चांगला होता.

पुढच्या गावाला उद्या फोन करायचाय. 'स्वच्छ' सोडून दुसरा कोणता शब्द वापरू, सांगा.