जागचं न हलणारं नाव

आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर तिच्याजवळ आळीपाळीने एकेक आठवडा राहायचं आम्हा तिघा भावंडांत ठरलं. तक्ता मी एक्सेलमध्ये केला. पहिली तीन नावं हाताने लिहिली: ताई, मी, धाकटा. पुढे ‘तीन ओळी वरचं नाव घे’ असं सूत्र घालून खाली ओढलं. ओढताना सूत्रातला सेलचा, म्हणजे चौकटीचा, पत्ताही खाली सरकत जातो; डॉलरचं चिन्ह लावलं, तर मात्र तो जागचा हलत नाही. ऑफिसच्या सवयीने मी ते लावून बसलो होतो. तक्ता न बघताच ग्रुपवर टाकला.

ताईने लिहिलं, “चौथ्यापासून सगळे आठवडे माझेच ना? बरं रे. येताना तिळाचं तेल आणते.”

धाकट्याने खाली जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला. यात काही चुकलंय असं तिला वाटलंच नाही, त्यालाही नाही. कुणाचं आजारपण असो, कुणाचं बाळंतपण, आम्ही दोघे दरवेळी सरकत गेलो आणि ताई तिथेच राहिली. ते चिन्ह काही आजच लागलेलं नव्हतं.

मी डॉलर काढला. पाचव्या आठवड्यापुढे माझं नाव आलं. लगेच मी कॅलेंडर उघडलं, त्या आठवड्यात ऑफिसचं काही काम निघतंय का ते बघायला.