आबांवरचा भार मोजणारी सुनंदा

बातमी आली तेव्हा माझे वडील, आबा, नि मी नांदेडच्या दवाखान्याच्या अंगणात चहा घेत होतो. नर्सनं दारात येऊन हातानं आम्हाला आत बोलावलं... माझी धाकटी बहीण सुनंदा गेली होती. आम्हाला बाहेर तिनंच पाठवलं होतं.

आमचं घर शिरड शहापूरचं. आबा हिंगोलीत कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. नव्वदच्या दशकात तिथं आपोआप चालणारी यंत्रं आली आणि चौघांच्या जागी आबा एकटेच पॅनेलसमोर बसू लागले. कापूस ओढण्याचं काम गेलं, फक्त दिव्यांवर नजर ठेवायची. तरी घरी आले की भिंतीला टेकून डोळे मिटायचे. "हाताला काम न्हाई, मग डोकं काहून फुटून राहिलं?" असं आईला विचारायचे. शाळकरी सुनंदानं तो प्रश्न उचलला, तो कायमचाच.

पुढं ती पुण्यात इंजिनिअर झाली आणि यंत्राशी काम वाटून घेतल्यावर माणसाच्या डोक्यावर किती भार उरतो, याचं गणित मांडण्यातच रमली. एका हंगामात ती थेट आबांच्या शेजारी स्टूल टाकून बसली. त्यांची नजर दिव्यांवर असताना मध्येच विचारायची, "आबा, आत्याच्या लेकरांची नावं सांगा." एरवी ते घडाघडा सांगत. दोन-तीन दिवे एकदम लागले की पहिल्याच नावाला अडकत. "बोलायला डोकंच उरत न्हाई, म्हणजे भार लई झालाय," तिनं मालकाला समजावलं. "मशीन अडली की सगळं एकट्यावर येतंय." मालक हसला. "माणसं कमी करायलाच मशीन आणली ना, बाई?" ती तरी रोज जात राहिली, रोज तेच सांगत राहिली. शेवटी आबांच्या जोडीला माणूस मिळाला... आणि ते संध्याकाळी ओट्यावर पुन्हा गप्पा मारू लागले.

मग तिचं हृदयच थकलं. दवाखान्यात आबा तिच्याकडं न बघता मॉनिटरकडंच बघत बसायचे, पापणीही न लववता. त्या दुपारी तिनं अगदी हळू विचारलं, "आबा, आत्याच्या लेकरांची नावं?" आबांच्या तोंडून एकही नाव निघालं नाही. ती माझ्याकडं वळली. "दादा, आबांना बाहेर ने. चहा पाज. इथं बघायला मशीन हाय, नर्स हाय..."

आता आबा गावाकडची तिची खोली रोज स्वतः झाडतात. गुडघे दुखतात, वाकवत नाही. काल मी त्यांच्या हातातली केरसुणी घ्यायला गेलो, तर ती घट्ट धरून म्हणाले, "ह्यात वाटा मागू नको, लेकरा."