विमा गोदामाला, माल लग्नात

युसूफभाईंचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "सर, म्हाळूभाई चले गये..." एवढंच बोलून ते थांबले. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं, हे मला नंतर कळलं. दुपारपर्यंत क्रांती चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्सही लागला. त्यावर म्हाळूभाऊचा फोटो पासपोर्टाएवढा होता आणि श्रद्धांजली वाहणाऱ्या साहेबांचा दरवाजाएवढा, त्यामुळे नक्की कोण गेलं हे कळायला दोनदा वाचावं लागत होतं. याच साहेबांचं भाषण म्हाळूभाऊनं एकदा भर मांडवात बंद पाडलं होतं. फ्लेक्सवर ते लिहायला जागा नसावी, म्हणून इथं लिहितो आहे.

म्हाळूभाऊचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय. त्याचं ऑफिस माझ्या घराच्या बरोबर खाली. मी ग्रंथालयात नोकरी केली, आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. पण आपल्या शहरात चष्मा आणि पुस्तक एकत्र दिसलं की माणूस 'सर' होतो, तसा मी झालो. संध्याकाळी त्याच्या बाकावर बसायचं, त्याचा अतिगोड चहा प्यायचा आणि त्याच्या गोष्टी ऐकायच्या, हा माझा नेम होता. तो पाचोडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा, मेंढपाळाच्या घरातला. लांडग्यानं किंवा विजेनं कुणाची मेंढरं मेली तर तळावरच्या प्रत्येक घरानं त्याला एकेक मेंढी द्यायची, अशी त्यांची रीत होती. आणि तीही न मागता. "मागावं लागलं तर ते भाईबंद कसले, सर?" वाट्याची मेंढरं विकून त्यानं बांबू आणि कापड घेतलं, शहरात आला, आणि येताना ही रीतही बरोबर घेऊन आला. युसूफभाई आणि आणखी दोन मंडपवाले, असा चौघांचा गोतावळा त्यानं जमवला. दाट मुहूर्ताच्या दिवशी एकाच्या खुर्च्या, दुसऱ्याच्या कनाती, तिसऱ्याचं छत, चौथ्याची माणसं, असा एकेक मांडव उभा राहायचा.

त्याच्याकडे एक विमा होता. कर्ज देताना बँकेनं काढायला लावलेला, गोदामाचा. लग्नसराईत त्या गोदामात फक्त उंदीर असायचे. माल सगळा गावोगावच्या मांडवांत, आणि तिथं त्या विम्याची सावलीसुद्धा पोचत नव्हती. धंदा बुडाला असेल तेव्हाच माल सुरक्षित, असा तो अजब हिशेब. मी एकदा विचारलं, "मांडवात काही झालं तर? आणि वर चढणारी माणसं?"

"सर, माझा इमा म्हंजे युसूफभाई. त्याचा इमा म्हंजे मी. हप्ता नाय, सही नाय."

"और उपर से इसकी चाय पीनी पडती," युसूफभाई म्हणाले. "वो जुर्माना अलग."

मला तो युक्तिवाद आवडायचा. विम्याच्या जाहिरातीत हसणाऱ्या कुटुंबापेक्षा हे दोघं मला जास्त भरवशाचे वाटत.

मग गंगापूर रस्त्यावरच्या मैदानातलं ते स्वागत समारंभाचं काम आलं. दाट मुहूर्त होता, बाहेरून माल मिळत नव्हता, मांडव मोठा होता, म्हणून चौघांचा जवळजवळ सगळा माल तिथंच लागला. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. साहेब आले, साहेबाला शोभेल इतक्या उशिरा आले, आणि वधूवरांना आशीर्वाद देता देता धरणाच्या पाण्यावर पोचले. तेवढ्यात पश्चिमेचं आभाळ मातकट झालं. पाऊस नव्हता, नुसता कोरडा वारा. दोर करकरू लागले. म्हाळूभाऊ एका खांबाला तळहात लावून उभा होता, आजारी जनावराच्या अंगाला लावावा तसा. हात काढला आणि सरळ स्टेजपाशी गेला. "लोकं बाहेर काढू द्या, साहेबाला थांबवा."

साहेबांचा पीए म्हणाला, "भाषण चालू हाय, दिसत नाय का?"

"वारं बी चालू हाय. ते दिसतं का तुमाला?"

पीएनं त्याला खांद्याला धरून बाजूला सारलं. म्हाळूभाऊ वळला. मांडवामागं गेला आणि जनरेटर बंद केला. दिवे गेले, माईक गेला, साहेबांचं तोंड मात्र थोडा वेळ हलतच राहिलं. त्या शांततेत सगळ्यांना पहिल्यांदा वारा ऐकू आला. "कनाती कापा! लेकरं आधी काढा!" म्हाळूभाऊ ओरडत होता. आपल्याच हातानं तो युसूफभाईंची नवी कनात फाडत होता आणि दुसऱ्या टोकाला युसूफभाई त्याची. लोक मोकळ्या बाजूंनी धावत सुटले. वरचं छत वाऱ्यानं फुगून खांबांना उचलू लागलं होतं. त्याची गाठ सोडायला काशिनाथ, म्हाळूभाऊचा सगळ्यात जुना माणूस, शिडीवर चढला होता.

"काशिनाथ, उतर खाली! राहू दे!"

"येकच गाठ राहिली, भाऊ..."

खांबांची अख्खी रांग एकदम आडवी झाली. छताखाली तोवर कुणी उरलं नव्हतं. काशिनाथ मात्र खांबासकट खाली आला.

दवाखान्याच्या बाकावर चौघं मंडपवाले ओळीनं बसले होते. मी समोर उभा होतो. काशिनाथच्या मणक्याचं ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं, आणि त्याआधी पैसे भरायचे होते. त्याची बायको एकच प्रश्न सगळ्यांना विचारत फिरत होती, "चालतील ना ते, भाऊ?" न मागता देणारे तिघं तिथं हजर होते, पण प्रत्येकाचं कापड त्याच मैदानात चिंध्या होऊन पडलं होतं, आणि पुढच्या मुहूर्ताच्या मांडवाला काय बांधायचं याची चिंता प्रत्येकाच्या तोंडावर होती. कुणी कुणाकडे बघेना. मदत मागायची वेळ येऊ नये म्हणून केलेली ती रीत होती. मागूनही मिळणार नाही अशी वेळ येईल, हे तिच्यात धरलेलंच नव्हतं.

"येकेकानं मेंढी द्यायची, सर," म्हाळूभाऊ हळूच म्हणाला. "पण कळप येकच केला ना आम्ही... समद्यांचा येकाच जागी."

त्यानं मालाचा टेम्पो विकला. ऑपरेशन झालं. काशिनाथ काठीनं चालतो, पुन्हा वर कधी चढला नाही. विम्याचा माणूसही येऊन गेला. त्यानं गोदाम नीट पाहिलं आणि गोदामाला काहीही झालेलं नाही, असं समाधानानं सांगितलं.

पुढच्या सराईच्या तोंडावर म्हाळूभाऊनं दोन विमे काढायला घेतले. एक कामावरच्या माणसांचा, दुसरा माल जिथं उभा राहील तिथं लागू होणारा. ते दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होते. नेमका हप्ता भरला त्याच दिवशी तो पीए दारात आला. साहेबांचा सत्कार होता, मांडव आजच उभा हवा होता. एवढं मोठं काम मिळालं तर टेम्पो परत येणार होता.

"उद्या बांधतो," म्हाळूभाऊ म्हणाला.

"मागचं साहेबानं पोटात घातलंय. ह्या शहरात धंदा करायचा हाय का नाय?"

"करायचाय की. उद्यापासून."

पीए गेल्यावर युसूफभाई भडकले. त्या कामात त्यांचाही वाटा होता. "एक दिन का सवाल था, म्हाळूभाई! एक दिन में कौन गिरता?"

"काशिनाथ येकाच दिवशी पडला."

काम दुसऱ्याकडे गेलं. साहेबांची कामं नंतर बराच काळ आली नाहीत, आणि युसूफभाईही बाकावर आले नाहीत. म्हाळूभाऊ रोज त्यांच्यासाठी कप मांडायचा आणि तसाच उचलून ठेवायचा... शेवटी ते आले, बसले आणि म्हणाले, "वो विमेवाला कहां बैठता, बता." म्हाळूभाऊनं आधी चहा दिला.

एवढ्याशा धंद्याला विमा केव्हा लागतो, असं मी त्याला नंतर विचारलं होतं. माझी अपेक्षा उलाढाल वगैरे ऐकण्याची होती. तो म्हणाला, "धंदा केवढा ते नाय बघायचं. दुसऱ्याचं लेकरू आपल्या शिडीवर चढलं, की त्या घडीला लागतो. अन् जे आपल्या मदतीला येणार तेच आपल्या छताखाली उभे आसले, तर त्याच्या आधीपासून लागतो." मग ती त्याची सवयच झाली. कुणाच्याही लग्नात जेवायला गेला तरी पंगतीत बसण्याआधी मान वर करून विचारायचा, "वर कोण हाय? त्याचा इमा हाय का?" यजमान वैतागायचे. त्याची बायको, चंद्रकलावहिनी, पदरात तोंड लपवायच्या. घरी आल्यावर बोलणी बसायची ती वेगळीच.

तेराव्याला युसूफभाई सकाळीच टेम्पो घेऊन म्हाळूभाऊच्या घरी आले. आपलं सगळ्यात चांगलं छत त्यांनी आणलं होतं, न मागता. ऊन चांगलंच चढलं होतं, नातेवाईक जमत होते. एक नवा माणूस शिडीवर चढून पहिली गाठ मारत होता. तेवढ्यात वहिनी आतून आल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच उंबऱ्यापर्यंत आलेल्या दिसल्या. त्यांनी मान वर केली.

"युसूफभाई, वर कोण हाय?"

"नया है, भाभी. गंगापूर का. परसों ही आया."

"त्याचा इमा?"

युसूफभाईंनी जमिनीकडे पाहिलं. "नाम कल चढाना है, भाभी... घर का काम है, सोचा..."

"ह्यांच्या दारात व्हय?"

वहिनींनी पुन्हा शिडीकडे पाहिलं.

"उतरवा त्याला."

युसूफभाईंनी हात केला. तो माणूस गोंधळला, बांधलेली गाठ त्यानं सोडली, छताची घडी खाली टाकली आणि एकेक पायरी उतरू लागला. त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत वहिनी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. आम्ही सगळे उन्हातच बसलो.