पावणीचा हंडा

जिथं स्वागत होतं तिथं कॅमेरा लगेच बाहेर काढायचा नाही, असा हट्ट धरणारी फोटोग्राफर मी एकच पाहिली. परदेशी बाई. तिचं नाव वाडीत कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. सगळे पावणीच म्हणायचे.

आमची वाडी शिनोलीच्या वरच्या अंगाला. खाली धरणाचं पाणी चमकतं, वर प्यायला नाही. पत्रकं वाटून आम्ही दमलो. कचेरीतल्या साहेबांचं एकच पालुपद, "टंचाई आहे कुठे? दाखवा." म्हणून मी पावणीला वर आणलं.

आणि वाडीनं काय करावं? बायांनी पहाटेपासून झरा उपसला. अंगणात सडा, घरोघरी हंडे काठोकाठ, पावणी टेकते न टेकते तोच हातात पाण्याचा तांब्या. माझं डोकंच फिरलं.

"हिराकाकू, अगं टंचाईचा फोटो काढायचाय!"

"मंग? दारात पावणं आलं आन् रिकामी भांडी दावू व्हय? लाज नाय का आमाला?"

रिकामे हंडे मांडून घेऊ, असं मी सुचवलं. पावणीनं कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि चेन ओढली. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "जहाँ लोग भगाते, वहाँ फोटो जल्दी मिलता. यहाँ पहले चाय."

मी चिडत राहिलो, ती चहा पीत राहिली. मुक्काम हिराकाकूकडेच. भाकरी थापायला बसली की भाकरीला कोपरे फुटायचे आणि बाया हसून लोळायच्या. तोवर हंडे संपले. एका सकाळी काकूनं तिच्या हातात चेपलेला हंडा दिला. "चल गं पोरी, नंबर लाव. किती दिस पावणी राहशील?"

झऱ्यावर हंड्यांची रांग. बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. पावणीनं आपला हंडा शेवटी ठेवला, काकूकडे बघितलं आणि कॅमेऱ्याला हात लावला. "अब?"

"काढ की. आता तुज्यापासनं काय लपवायचं?"

तो फोटो पत्रकावर छापला आणि टँकर सुरू झाला. पावणी मायदेशी गेली. नळ मात्र आला नाही, म्हणून परवा तेच पत्रक घेऊन आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. साहेबांनी फोटोतल्या शेवटच्या हंड्यावर बोट ठेवलं. "याच्याजवळ तर कुणीच नाही. मांडून काढलाय ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू पुढं झाली.

"आमच्या पोरीचा हाय त्यो. फोटो तीच काढीत व्हती, मंग दिसंल कशी? तिचा नंबर लागायचाय अजून."