तनूच्या पोटाला कोणी हात लावला नाही

माझ्या भाचीला जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून तिचे फोटो स्टेटसला लावणाऱ्यांनो, ती कण्हत पडली होती तेव्हा तुमच्यापैकी एकानेही तिला हात लावला नव्हता.

‘मिस यू तनू.’
‘आमची परी.’
वाचतेय सगळं. एकालाही लाईक केलेलं नाही, करणारही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तनू माझ्या ताईची मुलगी. बारा वर्षांची, भडगावची. काकाच्या लग्नात करवली व्हायचं म्हणून महिनाभर घरात रिकामा तांब्या डोक्यावर घेऊन चालायची.

तिचा घागरा मी इथे पिंप्राळ्यात शिवून घेतला होता. गुलाबी. रंग तिनेच व्हिडिओ कॉलवर निवडला होता.

घरात देवक बसलं त्या सकाळी तिच्या बेंबीपाशी दुखायला लागलं. बुंदी जास्त खाल्ली असेल म्हणाले. दुपारी दुखणं खाली उजवीकडे सरकलं. उलटी झाली. जेवणाकडे बघेना.

मग घरातल्या बायकांनी निदान केलं. बारा वर्षांची आहे, ओटीपोटात दुखतंय, म्हणजे आता पाळी येणारच.

आली नव्हती. येणार होती म्हणे.

तेवढ्यावर तिला मागच्या खोलीत बाजूला बसवलं. वेगळी सतरंजी, वेगळं ताट, वेगळा ग्लास. घरात देव बसलेत, विषाची परीक्षा कशाला घ्या. करवली म्हणून ताईच्या जावेची मुलगी उभी केली.

एका हातानं गरम पाण्याची पिशवी आत सरकवली आणि दार ओढून घेतलं. लाड म्हणाल तर एवढेच.

दाजींनी विचारलं, हिला काय झालंय? बायकांचं आहे, तुम्ही लक्ष घालू नका, असं सांगितलं. त्यांनीही घातलं नाही. पुरुषांना या उत्तराने फार बरं वाटतं.

ताईने दोनदा विषय काढला, दवाखान्यात दाखवून आणू का म्हणून. तिच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. अक्का म्हणाल्या, “बठ्ठ्या बायास्ले दुखस. इतलं काय शे त्यामा?”

सगळ्याच बायकांना दुखतं म्हटल्यावर ताई पुन्हा पाहुण्यांचा चहा गाळायला लागली.

दुसऱ्या दिवशी तनू संडासला गेली ती कमरेत वाकून, भिंतीला धरून. ओट्यावरच्या बायका हसल्या. लाजतेय म्हणाल्या.

संध्याकाळी तिचं दुखणं एकदम कमी झालं. अक्कांनी देवापुढे साखर ठेवली.

तेव्हाच तिचं अ‍ॅपेंडिक्स फुटलं असणार. हे मला नंतर सर्जननी सांगितलं. फुटलं की कधीकधी थोडा वेळ बरं वाटतं. त्या थोड्या वेळाची साखर वाटून झाली होती.

तिसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा अंगणात हळद चालली होती. डीजे, पिवळ्या साड्या. माझ्या हातात घागऱ्याची पिशवी. तनू कुठे आहे विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि मागच्या खोलीकडे मान केली.

दार उघडलं. भिंतीकडे तोंड करून पडली होती, पाय पोटाशी घेऊन. घागरा दाखवला तरी उठली नाही.

मी खाली बसले. मागून अक्का आल्याच.

“तिले हात लावू नको वं माय, घरमा देव बसेल शेतस.”

मी लावला. कपाळ तापलेलं. पोट पोळपाटासारखं कडक.

तनू म्हणाली, “मावशी, मला ते आलंच नाहीये. मी सगळ्यांना सांगितलं.”

सगळ्यांना सांगितलं होतं पोरीने. ऐकून कोणी घेतलं नव्हतं.

मोकळी गाडी एकच होती, नवरदेवाची, अर्धी सजवलेली. ती काढली. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून हात सोडला तशी ती किंचाळली. ते म्हणाले, इथे थांबू नका, जळगावला न्या, मी फोन करतो. रस्ताभर प्रत्येक गतिरोधकाला ती माझा हात आवळायची. बॉनेटवरचे झेंडू एकेक करून उडून गेले.

जळगावला ऑपरेशनला नेताना सर्जननी ताईला एकच प्रश्न विचारला. “एवढ्या वेळात पोटाला कोणी हात लावून पाहिला नाही?”

काय सांगणार? लावायचाच नव्हता.

पू पोटभर पसरला होता. तनू आयसीयूत असताना भडगावला लग्न लागलं. मुहूर्त टळत नाही म्हणे. अल्बम छान आलाय, सगळे हसतायत.

लग्नाची हळद अंगावरून उतरायच्या आत तनू गेली.

आणि मग सगळ्यांनी तिला हात लावला. अक्कांनी आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, गालावरून हात फिरवले, मिठ्या मारून रडल्या. तेव्हा कुणाला काही आडवं आलं नाही. मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा आजही आहे, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

स्टेटस टाकणाऱ्यांनो, तुमच्याही घरात पोरी आहेत. पोट दुखतंय म्हणाली तर आधी हात लावा. उजवीकडे दुखत असेल, जेवत नसेल, वाकून चालत असेल, हात लावू देत नसेल, तर देव आणि पाहुणे बाजूला बसवा आणि गाडी काढा. अचानक थांबलं तर अजून लवकर काढा.

मागच्या महिन्यात तनूची धाकटी बहीण पोट धरून बसली. ताईने घरातली पूजा तशीच सोडली, तिचं पोट दाबून पाहिलं आणि तिला स्कूटीवर मागे बसवून दवाखाना गाठला.

गॅस निघाला.

अक्का म्हणाल्या, “इतली धावपळ कसाले?”

ताईने तनूचा फोटो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

तनू, श्रद्धांजली वाहणारे खूप आहेत, मी त्या रांगेत नाही. तुझा घागरा माझ्याकडे आहे, तो मी कुणालाही देणार नाही.

जा बाळा. आता तुला कुणी बाजूला बसवणार नाही.