दारणेच्या बेटावरचा श्रोता

लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत सासरची माणसं मला बेटावर विसरून आली. (मुद्दाम नाही हो, तेवढी ओळखच कुठे झाली होती!)

सन तीसनंतरची गोष्ट. माझं माहेर विंचूरचं, घरभर बडबड. सासर नाशिकचं, तिथे नव्या सुनेने "हो" म्हणायचं आणि "वाढू का?" विचारायचं. हे दिवसा सगळ्यांदेखत माझ्याशी बोलायचे ते एवढंच, "पंचा कुठंय?" आणि रात्री? रात्री घोरायचे! बोलून बोलून बोलणार कुणाशी? चुलीशी?

थोरले भावजी पाटबंधाऱ्यात कारकून. त्यांनी दारणा धरणातलं बेट बघायची परवानगी काढली. बेट सरकारने पाखरांसाठी राखलेलं. बंदूक न्यायची नाही, फांदी मोडायची नाही, आरडाओरडा तर मुळीच नाही. पुरुषांची होडी वेगळी, बायकांची वेगळी.

फराळ झाला, जावा आपसात रमल्या. मी करवंदीच्या जाळीमागे गेले, तर पाण्यात एका पायावर बगळा उभा.

"काय हो, तुम्हीही एकटेच?" मी म्हटलं.

तो हलला नाही. कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर मी सुटलेच! आईची आठवण, कपिला गाय, सासूबाईंची खारट आमटी... सगळं सांगून वर बघते, तर दोन्ही होड्या पार पलीकडे!

जाऊबाईंना वाटलं, "हल्लीच्या मुली! बसली असेल नवऱ्याच्या होडीत." ह्यांना वाटलं, बायकांत असेल. सासऱ्यांदेखत हाक कशी मारू? मी पदर हलवला. पलीकडून कुणीतरी प्रेमाने उलट हात हलवला!

मग काठी आपटत म्हातारा राखणदार आला. "ओ बाई, हितं ऱ्हायची मनाई हाय!"

"राहत नाहीये बाबा, मला विसरलेत."

"आरं द्येवा! मालकांचं नाव सांगा, हाक घालतो."

"नाव कसं घेऊ?"

"मंग काय 'ओ मालक' म्हनू? समदेच वळतील की!"

दिवस कलला. राखणदार म्हणाला, "वैनी, अंधारात होडी येत नाय हां." मला रडूच फुटलं. शेवटी डोक्यावरचा पदर नीट केला आणि उखाणा घेतला:

"दारणेच्या पाण्यात पाखरांचं बेट,
वामनरावांना सांगा, होडी आणा थेट!"

मला वाटलं, तो त्यातलं नाव तेवढं उचलेल. त्याने छाती भरून आख्खा उखाणा ठोकला! ज्या पाखरांसाठी साधं खोकायची चोरी, ती झाडून सगळी उडाली. बगळाही गेला. काठावर सासऱ्यांनी म्हणे टोपी काढून कपाळ पुसलं.

हे एकटेच होडी घेऊन आले, मागे वल्हं मारणारा नावाडी. मला म्हणाले, "एवढा वेळ काय करत होतीस?"

माझ्याविषयीचा त्यांचा पहिला प्रश्न! मी अगदी कपिला गायीपासून सुरुवात केली. आमटीपर्यंत आले आणि बघते, तर हनुवटी छातीला टेकवून हे झोपलेले!

पुढे जन्मभर तेच. म्हणून मी सगळ्यांना सांगत आले, की मन लावून ऐकावं तर त्या बगळ्याने.

परवा नात म्हणाली, "आजी, मासा येईपर्यंत बगळा तसाच उभा राहतो गं."

म्हणजे बघा, आयुष्यात एकच श्रोता मिळाला, तोही जेवणाची वाट बघत होता!